पाणी फक्त रविवारी

कोपर, डोंबिवली पश्चिम
९ फेब्रुवारी २०२५

काकू, नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी तुमचं ऑर्किड देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत ठेवलं, कुंडीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडून उभा राहिलो. वैशालीने मागून विचारलं, झाड आणलंय की सून. मी हसलो, पण हात सोडले नाहीत.

ठाण्याहून मी ते सबंध रस्ता मांडीवर धरून आणलं. दांड्यावर सात जांभळी फुलं होती, सातही शाबूत पोचली. तुमच्या गॅलरीत अकरा ऑर्किडं, त्यातलं एक तुम्ही आपणहून मला दिलंत. त्याच गॅलरीत मी एकोणिसाव्या वर्षापासून तीन वर्षं झोपलो. तेव्हा तिथे ऑर्किडं नव्हती, माझी पत्र्याची पेटी होती. मुरबाडकडच्या खेड्यातून गुरुजींची चिठ्ठी घेऊन आलेल्या अनोळखी मुलाला तुम्ही आणि काकांनी जागा दिलीत, म्हणून मी शिलाई मशीनचं काम शिकलो आणि आज माझं दुरुस्तीचं दुकान आहे. हे मी तोंडाने कधी बोललो नाही. आता तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहायला सोपं जातं. तुमचं मोबाइलशी पटत नाही हे एका परीने बरंच झालं. माझं अक्षर तुम्हीच वळणावर आणलंत, तेव्हा त्याबद्दल तक्रार नको.

रविवारी जे ओरडून सांगता आलं नाही ते लिहितो. तुमची इमारत पाडणार, दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं, नवं मिळायला चार वर्षं. एवढी वर्षं तुम्ही कुठे राहणार? आमच्याकडे या. मृणालचं टेबल बाहेर घेतो, लेकीची खोली तुमची. वैशालीचंही हेच म्हणणं आहे.

ऑर्किडची काळजी करू नका. त्याची सेवा रोज मनापासून चालली आहे.

तुमचा
तानाजी


ठाणे
१५ फेब्रुवारी

तानाजी,

तुझं पत्र मिळालं. 'सेवा' हा शब्द वाचला आणि मला काळजी वाटली. ऑर्किडची सेवा करायची नसते.

हे झाड रानात मातीत उगवत नाही. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, सालीला धरून बसतं. त्या झाडाचं काही खात नाही. पाऊस आला की भिजतं, वारा आला की वाळतं. म्हणून त्याच्या कुंडीत माती नाही, सालीचे तुकडे आणि कोळसा आहे. मुळं रुपेरी दिसली की तहान लागली असं समज, हिरवी असली की पोट भरलेलं आहे. पाणी फक्त रविवारी. कुंडी दहा मिनिटं बादलीत बुडव, पूर्ण निथळू दे, मग जागेवर ठेव. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नाही. आणि येताजाता त्याच्याकडे बघत बसू नकोस. बघणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटतं, तिथेच घोटाळा होतो.

तुझं आमंत्रण मनापासूनचं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. नाही. शहात्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात 'साखर कुठे असते' विचारत उभं राहणं मला जमायचं नाही. मी इथेच जवळपास भाड्याची खोली बघते आहे. लहान चालेल, पण माझी हवी. मी उठेन तेव्हा सकाळ, मी जेवेन तेव्हा दुपार. तुझे काका गेल्यानंतरच्या आठ वर्षांत मी हे शिकले आहे, आणि ते मला सोडायचं नाही.

मृणालचं टेबल हलवू नकोस. तिची दहावी आहे.

शीलाकाकू


कोपर
३० मार्च

काकू, नमस्कार. पाडव्याच्या शुभेच्छा.

गुढी उभारली आणि पत्र लिहायला बसलो. बातमी चांगली नाही. सातही फुलं गळाली. अकरा दिवसांत, एकेक करून. रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर एक पडलेलं असायचं आणि मी ते उचलून देवापुढे ठेवायचो. आता नुसता दांडा उरला आहे. पानं चार आहेत, त्यातलं एक हाताला जरा मऊ लागतं.

माझ्या कामात मला हे सोपं वाटतं. मशीन बिघडलं की आवाज बदलतो. डोळे मिटून चाक फिरवलं तरी कुठे अडतंय ते कळतं. हे झाड काहीच बोलत नाही. बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं करतो आहे, रविवारची बादलीही चुकत नाही.

मृणालची परीक्षा पार पडली. तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, साखर, चहा, पोहे, मोठ्या अक्षरात. तुमचं पत्र तिने वाचलं होतं. मी न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी बसवली, पक्की, मी स्वतः लोंबकळून पाहिलं. तुम्ही नाही म्हणालात हे लक्षात आहे. पण विचार बदलला तर घर तयार असावं.

तुमचा
तानाजी


ठाणे
४ एप्रिल

तानाजी,

मृणालला सांग, मला चिठ्ठ्या फार आवडल्या. तिच्या 'पोहे'मधला ओकार कसा असेल ते बघायला तरी एकदा येईन. राहायला नाही.

आतापर्यंत पाच खोल्या पाहिल्या. दलाल पहिलं वाक्य बोलतो ते मला ओठांवरून कळतं, 'सोबत कोण?' कुणी नाही म्हटलं की घरमालकाचा भाऊ नेमका त्याच आठवड्यात गावाहून राहायला येणार असतो. पाच घरमालक, पाच भाऊ. एकट्या म्हातारीला काही झालं तर पोलीस, पंचनामा, नको ते. मला त्यांचंही समजतं. तरी पाचव्याला विचारलंच, भावाबरोबर माझ्या वयाचं कुणी येतंय का, म्हणजे मलाही सोबत होईल.

आता झाड. फुलं गळली म्हणजे ते मेलं नाही. दोन महिने फुलून आता ते विश्रांती घेतं आहे. पण मऊ पान ही वेगळी गोष्ट. मऊ पान म्हणजे नको तिथे पाणी. माझ्या वर्गात गृहपाठ न केलेली मुलं त्या दिवशी अक्षर जास्त सुंदर काढायची. तुझं या वेळचं अक्षर फार सुंदर आहे. रविवारच्या बादलीखेरीज त्याच्यावर पाणी कुठून पडतं?

शीलाकाकू


कोपर
१३ एप्रिल

काकू,

पहिल्या दिवसापासून मी ऑर्किडला रोज पाणी घालत होतो. देवाच्या आंघोळीचं. पूजा झाली की ताम्हनातलं अर्धं पाणी तुळशीला आणि अर्धं तुमच्या झाडाला. तेही मुळाशी नाही. पानांच्या मधोमध जो पेला होतो त्यात पळीने घालायचो. तिथे ते दिवसभर राहायचं, त्यात खिडकीतलं आकाश दिसायचं. मला वाटायचं, झाडाने ओंजळ धरली आहे. एकादशीला पंचामृताचंही घातलं. मुंग्या आल्या तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी मुंग्यांना दोष दिला.

तुमचं पहिलं पत्र आल्यावर बादली सुरू केली, पण पळी सोडली नाही. आमच्या आईने देवाचं पाणी कधी मोरीत ओतलं नाही. उन्हाळ्यात विहीर आटायची, आम्ही एका कळशीत भागवायचो, पण देवाचं वाटीभर पाणी तुळशीलाच जायचं. कुणी आजारी पडलं तर त्यातलं दोन थेंब जिभेवर. त्या पाण्याने वाईट होईल हे माझ्या मनाला पटेना. तुम्ही 'पाणी' लिहिलं होतं. मी स्वतःला सांगितलं की हे पाणी त्यात धरायचं नाही.

काल सकाळी मधलं कोवळं पान पुसायला धरलं तर ते हातात आलं. बुडाशी काळं, बुळबुळीत, आणि कुजका वास. त्याच्या शेजारचंही आलं. खालची दोन उरली आहेत.

तुम्ही मला सांभाळायला एक जीव दिलात. रागवा, पण पुढे काय करू तेही लिहा.

तानाजी


ठाणे
१८ एप्रिल

तानाजी,

रागवू कशी? माझं पहिलं ऑर्किड मीही असंच मारलं. तुझं देवाचं पाणी होतं, माझं शेणखत होतं, एवढाच फरक. शिवाय मी जीवशास्त्र शिकवत होते.

धार असलेली कात्री घे, गॅसवर तापवून निवू दे. काळं पडलेलं सगळं काप, निरोगी हिरवं लागेपर्यंत. हात थरथरू देऊ नकोस, तुला सुईच्या दांड्याची सवय आहे. जखमेवर दालचिनीची पूड दाबून भर, तिने कूज थांबते. पंधरा दिवस पाणी बंद. मग कुंडीच्या कडेकडेने थोडं, मधे एक थेंब नाही. वाढीचा कोंभ गेला, त्यामुळे हे झाड आता वर वाढणार नाही. मुळं कडक असतील तर बुडातून पिल्लू फुटू शकतं. तीन महिने लागतील, सहा लागतील, किंवा फुटणारही नाही. फेकू मात्र नकोस.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी तुझ्याकडे राहायला आले तर तू माझंही असंच करशील. पहाटे चहा, दहा वाजता 'काकू, बरं वाटतंय ना', दुपारी फळं कापून, संध्याकाळी हाताला धरून खाली. तू पळीपळीने घालत राहशील आणि मला नाही म्हणता येणार नाही, कारण त्यात तुझी भक्ती असेल. दोन महिन्यांत मी पिवळी पडेन.

तू गॅलरीत राहायचास तेव्हा रात्री पाव आणि चहावर झोपायचास. मला दिसायचं. रोज वाटायचं हाक मारावी, ताट वाढावं. हे म्हणायचे, "रविवारी बोलाव. रोज बोलावलंस तर तो आपल्यापुढे मान वर करणार नाही." मला ह्यांचा तेव्हा फार राग आला होता. चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण तू दर रविवारी जेवायला यायचास आणि ताठ बसून जेवायचास, तिसऱ्यांदा आमटी मागून घ्यायचास, ते पाहून मी गप्प झाले.

शीलाकाकू


कोपर
२० जुलै

काकू, नमस्कार.

तीन महिने पत्र लिहिलं नाही. आधी मला वाईट वाटलं. मग रागही आला, खोटं कशाला सांगू. पुढचे काही दिवस नुसतीच तुमची ती ओळ डोक्यात होती, पिवळी पडेन म्हणून. दुकानात मशीन उघडून बसायचो आणि स्क्रू हातात धरून विसरायचो.

मला ते रविवार आठवतात. शनिवारी रात्रीच मी सदरा धुऊन वाळत घालायचो. तेव्हा मला वाटायचं, शहरातली माणसं, आठवड्यातून एकदा आठवण होते त्यांना. मी कृतज्ञ होतो, पण त्या एका जेवणापुरता. बाकीचे सहा दिवस तुम्ही आतल्या खोलीत हात आवरून बसत होतात हे मला तीस वर्षांनी कळलं. त्या सहा दिवसांत मी स्टोव्हवर भात करायला शिकलो. मशीनच्या दुकानाच्या मालकाने दोनदा हाकललं तरी तिसऱ्यांदा जाऊन उभा राहिलो. तुमच्या घरी रोज ताट असतं तर मी गेलो नसतो. देवापुढे बसलो की तुमची दोघांची नावं मी आधीपासून घेतो. आता घेतो तेव्हा जरा थांबतो.

तुम्हाला इकडे राहायला या, असं मी पुन्हा लिहिणार नाही. दांडी असू दे, वैशालीलाच आता तिची सवय झाली आहे.

झाडाचं सांगतो. तुम्ही लिहिलंत तसं कापलं, दालचिनी भरली. घरभर दोन दिवस मसालेभाताचा वास. मे महिना नुसती दोन पानं घेऊन गेला. जूनअखेरीस बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. मूळ की पान, ते कळेना. मृणाल म्हणे मूळ, वैशाली म्हणे पान, आणि मी दोघींना त्याला हात लावू देईना. आता ते बोटाच्या पेराएवढं आहे आणि शेंडा चपटा झाला आहे. वैशाली जिंकली. ताम्हनातलं सगळं पाणी आता तुळशीला जातं.

आणखी एक. आमच्या मागच्या गल्लीत गणूशेठ आणि बायजाबाईंचं घर आहे. इथलेच जुने आगरी, एके काळी खाडीकाठी त्यांची मिठागरं होती. घरामागे एक सुटी खोली आहे, स्वतःची मोरी, खिडकी पूर्वेला, तिला जाळी. रिकामी आहे. बायजाबाईंना विचारलं तर त्यांचंही तेच, एकली बाई ठेवायची नाही. मी जास्त बोललो नाही. तुम्हाला वाटलं तर येऊन बघा, नाही वाटलं तर विषय संपला.

तुमचा
तानाजी


ठाणे
३० जुलै

तानाजी,

रविवारी मी न कळवता आले, तू दुकानाच्या सामानासाठी बाहेर गेलेला, त्यामुळे जे घडलं ते तुला वैशालीकडून अर्धंच कळलं असेल. पुरतं मी लिहिते.

वैशालीने मला बायजाबाईंच्या अंगणात नेलं. त्या सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. वैशाली त्यांच्याशी बोलली, त्यांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर नाही म्हणा. तेव्हा त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि बोलल्या. तानाजी, मला ऐकू आलं. कानातलं यंत्र मी पर्समध्ये ठेवलं होतं, ते नुसतं खरखरतं. यंत्राशिवाय, ओठ न वाचता, शब्दन् शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं अख्खं वाक्य ऐकलं, आणि ते मला खोली नाकारणारं होतं. मला हसू आवरेना.

त्यांना वाटलं मी वेडी आहे. वैशालीने कारण सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला बोंबील खाली ठेवला. मिठागराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारत त्यांची जवानी गेली म्हणे. आता घरात सुना म्हणतात, आई, हळू बोला, शेजारी काय म्हणतील. मग त्या माझ्या शेजारी बसल्या.

"एकली हास ना गो बाय? मी पन एकलीच हाय. घरान धा मानसा असून."

अर्धा तास आम्ही बोललो. सबंध कोपरला आमचं बोलणं कळलं असेल. उठताना त्यांनी गणूशेठना आतून बोलावलं आणि खोली दिली असं सांगितलं. गणूशेठनी माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि ते परत आत गेले.

आता अडचण. बायजाबाईंची एक अट आहे. खोलीच्या दोन किल्ल्या आहेत, त्यातली एक तुझ्याकडे राहणार. रातचं काही झालं तर दार तोडायचं का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण मला ते मान्य नाही. तुझ्या खिशात ज्या खोलीची किल्ली आहे ती तुझ्याच घराची बाहेरची खोली झाली. तू कधी वापरणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी मी दर वेळी दाराकडे पाठ करताना विचार करीन. एवढं एक मिटलं तर मी येते. मी बोलले तर त्यांना राग येईल, तू बोल.

पिल्लू पाहिलं. छान आहे. तू कौतुकाने मधे हात घालत नाहीस हे पाहून जास्त बरं वाटलं.

शीलाकाकू


कोपर
७ सप्टेंबर

काकू, नमस्कार.

बायजाबाईंशी बोललो. खोली तुमची झाली. किल्लीचं मी बघितलं आहे, तुम्ही मनात काही आणू नका. खोलीला आतून चुना दिला. दाराच्या घंटेला मी एक लाल दिवा जोडला आहे, बाहेरून बटण दाबलं की आत दिवा लागतो. एवढं एकच केलं. बाकी काही केलं नाही, हवं तर वैशालीला विचारा.

पिल्लाला दुसरं पान दिसतं आहे.

तानाजी


ठाणे
१८ ऑक्टोबर

तानाजी,

एकच किल्ली, हे वाचलं त्या रात्री मी शांत झोपले. त्यासाठी तुला बायजाबाईंचं काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना करते. तुझे उपकार मानते, आणि हा शब्द मी सहज वापरत नाही.

२६ तारखेला टेम्पो येईल. दहाही ऑर्किडं आडवी ठेवायची नाहीत. आदल्या रविवारी पाणी देणार नाही, कोरड्या मुळांना धक्का कमी लागतो. कुंड्यांच्या मधे वर्तमानपत्राचे बोळे भर. त्यांतली दोन तुझ्यासाठी वेगळी काढली आहेत. पिल्लू सांभाळलंस म्हणून बक्षीस नव्हे, माझ्या जाळीला जागा कमी आहे म्हणून.

गॅलरी रिकामी झाली की कशी दिसते ते बघायला मी थांबणार नाही. तू थांबलास तर चालेल.

शीलाकाकू


कोपर
१३ नोव्हेंबर

काकू,

आज सकाळी दाराखालून आत आलेली किल्ली पाहून तुम्ही कोड्यात पडला असाल. पत्र आधी द्यायला हवं होतं. पण पत्र लिहायला बसलो असतो तर किल्ली पुन्हा खिशात राहिली असती. दुकानात बसून लिहितो आहे, पोस्टात टाकीन. एका गल्लीच्या अंतरासाठी तिकीट कशाला, असं वैशाली विचारते. मला समोर येऊन हे सांगता येणार नाही.

बायजाबाईंना मी सप्टेंबरमध्ये काहीच बोललो नव्हतो. त्यांनी दुसरी किल्ली दिली आणि मी घेतली. तुम्हाला लिहिलं की किल्लीचं मी बघितलं. तुम्ही त्याचा जो अर्थ घेतलात तो तुम्ही घ्यावा म्हणूनच मी तसं लिहिलं. तुमचं 'शांत झोपले' वाचलं तेव्हा पत्र पुढे वाचवेना. तरी ठेवली. मनात म्हटलं, कधी वापरायची नाही, नुसती असू दे. मोरीत पाय घसरला तर? आई मोरीत पडली तेव्हा दार आतून बंद होतं आणि आम्ही पाऊण तास बाहेर होतो. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तिला नंतर काही झालं नाही, पण तो पाऊण तास मला अजून आठवतो. म्हणून सामान आल्यापासून अठरा दिवस ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. पूजेला बसलो की काढून बाजूला ठेवायचो, देवापुढे ती खिशात नको वाटायची. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी वैशालीने दिलेली करंजी घेऊन आलो. बटण दाबलं. दोनदा, तीनदा. तुम्ही आला नाहीत. कोपरची वीज गेलेली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं, दिवा लागणार कुठून. दारावर थापा मारल्या. मग माझा हात खिशात गेला. किल्ली कुलपात घातली, अर्धी फिरवलीही. तेवढ्यात दाराशेजारच्या झरोक्यातून आत दिसलं. तुम्ही माझ्याकडे पाठ करून जाळीशी उभ्या होतात. बादलीतून एकेक कुंडी वर काढून हातात तोलून बघत होतात, निथळली की नाही. एका कुंडीला तुम्ही काहीतरी सांगत होतात. केस मोकळे होते. तीस वर्षांत मी तुम्हाला मोकळ्या केसांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी किल्ली उलटी फिरवली, हळूच काढली आणि करंजी उंबऱ्यावर ठेवून घरी आलो. तुम्ही संध्याकाळी म्हणालात, मुंग्यांआधी मला सापडली. मी हसलो. पण कधी वापरायची नाही असं ठरवूनही माझा हात किल्लीला गेला होता, आणि पुन्हा गेला असता.

तीन दिवस विचार केला. काल संध्याकाळी बायजाबाईंकडे गेलो. त्यांना सांगितलं की दुसरी किल्ली मी ठेवणार नाही, त्यांची त्यांना परतही देणार नाही, ती काकूंची. त्या चांगल्याच तापल्या. अट म्हणजे अट, त्या ओरडल्या. म्हातारीला काही झालं तर कोण बघणार? मी म्हटलं, तुम्ही रोज सकाळी अंगणातून हाक मारा. तुमची हाक त्यांना ऐकू येते, दुसऱ्या कुणाची येत नाही. ओ आली नाही तर खुशाल दार तोडा, नवं मी बसवीन.

"हाक तं मी रोजच मारतंय," त्या म्हणाल्या. "आनि ती रोज ओ देते. मंग तू किल्ली कशाला घेतलीस रं?"

गणूशेठ आतून म्हणाले, चहा ठेव त्याला.

काकू, तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे. मी तुमच्याशी दुसऱ्यांदा असं वागलो, आणि या वेळी तुम्हाला अक्षरावरूनही कळलं नाही, एवढं ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. तरी तुम्ही मागच्या गल्लीत आहात याचा आनंद मला रोज होतो. सकाळी ताम्हन तुळशीत रिकामं करताना बायजाबाईंची हाक इथवर येते. तुमची ओ येत नाही, ती तेवढी मोठी नसते, पण हाक दुसऱ्यांदा येत नाही यावरून कळतं. त्या वेळी मी देवाचे आभार मानतो आणि पुढच्या कामाला लागतो. तुमच्या दोन कुंड्या आणि पिल्लू, तिन्हींना मी रविवारीच पाणी देतो. रविवारी तुम्ही जेवायला याल का, एवढं विचारायची परवानगी असावी. मृणाल म्हणते, आमटी तिसऱ्यांदा मागायची सोय आहे.

आज सकाळी सात वाजता आलो तेव्हा तुमचा दिवा आत लागलेला होता, आणि भांड्याचा आवाज येत होता. मी बटण दाबलं नाही. किल्ली खिशातून काढली, वाकून दाराखाली ठेवली आणि बोटाने आत ढकलली. पुन्हा बाहेर ओढता येणार नाही इतकी आत. मग दुकान उघडायला गेलो.

तानाजी